सीटखालचा स्विच

लिफ्टच्या कामावर सगळे त्याला सेफ्टी म्हणायचे. आधी चिडवायला, मग सवयीने. शेवटी शेवटी तर त्याचं खरं नाव साहेबालाही चटकन आठवायचं नाही.

नाव पडायला कारण होतं. लिफ्टला स्विचांची एक साखळी असते. प्रत्येक मजल्याच्या दाराला एक स्विच, आतल्या दाराला एक, छतावर एक, खालच्या खड्ड्यात एक, आणि सगळे एकाच वायरीत ओवलेले. त्यातला एक जरी उघडा राहिला तरी लिफ्ट जागची हलत नाही. पण कामाची घाई असली की मेकॅनिक लोक एखाद्या स्विचला बगल देऊन त्याच्या दोन वायरी थेट जोडून टाकतात. त्या जोडणाऱ्या तुकड्याला जंपर म्हणतात. जंपर लावला की लिफ्टला वाटतं, दार बंद आहे.

सेफ्टीचा जोडीदार अशाच एका जंपरपायी गेला. जंपर लावला होता तिसऱ्याने, आणि फोन आला म्हणून तो बाहेर गेला होता. जोडीदार उघड्या दारात वाकून खाचेतली घाण काढत होता. वर कुणीतरी बटण दाबलं.

त्या दिवसापासून सेफ्टीचे दोन नियम झाले. जंपर लावायचाच तर लाल वायरीचा, हातभर लांब, कुणाच्याही डोळ्यांत खुपेल असा. आणि ज्याने लावला त्याने तो काढेपर्यंत जागा सोडायची नाही.

"आणि लघवीला लागली तर?" नवी पोरं मुद्दाम विचारायची.

"जंपर काढायचा, जाऊन यायचं, परत लावायचा."

"आणि घाईची लागली तर?"

"मग लिफ्ट बंद राहील. बंद लिफ्टने कुणी मरत नाही."

अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारावं. गॅस दोनदा बघायचा, कुलूप तीनदा ओढायचं. ती म्हणायची, "आमच्याकडे भांडणसुद्धा अर्थिंग करून होतं." तिचं बाजारच्या रस्त्याला धान्याचं दुकान होतं, वडिलांचं. भाऊ नव्हता, म्हणून तिच्याकडे आलं. वयात आल्यापासून ती गल्ल्यावर बसत होती. मूठभर डाळ हातात घेतली तरी वजन सांगायची, आणि काटा तिच्याच बाजूने बोलायचा. नवा इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून जुनी लोखंडी वजनं गल्ल्याखाली पडून होती. तिने ती भंगारात दिली नव्हती.

मग ती बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड जुळलं, पण वाकडं. काठीने घरातल्या घरात चालायची. बसची पायरी काही चढवेना. सेफ्टी तेव्हा निवृत्त झाला होता. तो म्हणाला, "मी सोडत जाईन. रिक्षाने जाऊ, रिक्षाने येऊ."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर बसेन दुकानात."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही गिऱ्हाइकाला सुट्टे पैसेही दोनदा तपासून देता. मला एकटीला जायचंय. जशी जात होते तशी."

म्हणून ती गाडी झाली.

सांगाडा वेल्डरने करून दिला. वेल्डर म्हणजे गल्लीच्या तोंडाला शेड असलेला, सेफ्टीचा शाळेपासूनचा दोस्त. मालवाहू तीनचाकीचा जुना सांगाडा त्याने कापला, खाली केला, पाय सहज आत घालता येईल असा. मागच्या चाकात मोटर, पायाखालच्या खोक्यात बॅटऱ्या. गाडी तळमजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांपुढच्या बोळात उभी राहिली आणि सेफ्टीने वायरिंगला हात घातला.

ती दारात खुर्ची टाकून बसायची.

"ही तुझी मूठ," तो हँडलची मूठ दाखवून म्हणाला. "पिळलीस की पळेल. हिच्यातून तीन वायरी निघतात. लाल करंट आणते, काळी परत नेते, हिरवी तुझा हुकूम मोटर चालवणाऱ्या त्या डब्याला सांगते."

"म्हणजे हिरवी माझी."

"हिरवी तुझी. पण काळी तुटली ना, तर डब्याला वाटतं, तू मूठ पुरती पिळलीस."

"मी हातही न लावता?"

"हातही न लावता."

"असली कसली मूठ? मी गप्प बसले तरी हिला वाटतं मी ओरडतेय. तुमच्या आईसारखी."

तो हसला नाही. कामात तो हसत नसे. "म्हणून साखळी," तो म्हणाला. किल्ली, हँडलवरचं मोठं लाल बटण, दोन्ही ब्रेकचे स्विच, सगळे त्याने लिफ्टसारखे एका वायरीत ओवले. वायर शेवटी एका जाड रिलेला गेली. साखळी जुळली की रिले खट्ट वाजायचा आणि मोटरला करंट मिळायचा. कुठेही तुटली, अगदी उंदराने कुरतडली, तरी रिले सुटणार आणि गाडी मरणार. दिव्यांची लाइन मात्र त्याने मुद्दाम वेगळी काढली. पुढचा दिवा, मागचा लाल, दोन्हीकडचे इंडिकेटर.

"हे का वेगळं?"

"रस्त्याच्या मधोमध बंद पडलीस तर मागच्याला दिसायला नको? गाडी मेली तरी दिवे चालू राहिले पाहिजेत."

"एवढे स्विच," ती म्हणाली. "लग्नात एवढी बंधनं नव्हती घातली हो तुम्ही."

"अजून एक राहिलाय."

तो शेवटचा स्विच सीटखाली होता. जुन्या लिफ्टमधून काढलेला, स्प्रिंगवर बसणारा. "तू फेकली गेलीस, चक्कर आली, तर तू खाली आणि गाडी पुढे. ते नको. सीट रिकामी झाली की बंद." पुन्हा गल्लीतली पोरं चढून बसतील, कुणी सामान ठेवेल आणि मुठीला धक्का लागेल, याचीही काळजी होतीच. म्हणून त्याने स्प्रिंगचा नट आवळत आवळत नेला. "बस. ऊठ. परत बस." खुब्याचं दुखणं विसरून ती बसत-उठत राहिली. मग त्याने गव्हाची गोणी आणून सीटवर ठेवली. रिले गप्प. ती बसली, खट्ट.

"म्हणजे मी गोणीपेक्षा जड," ती म्हणाली.

"थोडीशी."

वेल्डर बाजूला उभा होता. "वहिनी, गड्याने तुमचं माप लोखंडात घेऊन ठेवलंय. आता बारीक व्हायची सोय नाही."

"कुठली बारीक होतेय भावजी. बसून बसून फुगतेय नुसती."

पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा सेफ्टी पन्नासएक पावलं मागे राहून चालत होता. कोपऱ्यावर तिने गाडी थांबवली. "मागे येऊ नका. दिसताय."

"कुठे दिसतोय?"

"आरशात. तुम्हीच लावलेत."

तो परत फिरला. ती गेली, संध्याकाळी आली, दुसऱ्या दिवशी परत गेली. पाऊस-पाण्यात, उन्हात, पुढे वर्षभर जात राहिली. दुकानाचा आवाज परत आला. बाजारात लोक म्हणायचे, मालकीणबाई आल्या, आता भाव पाडून मिळायचा नाही.

मग गाडी अडायला लागली.

आधी गतिरोधकावर. चाक आपटलं की क्षणभर मोटर सुटायची आणि परत धरायची. मग साध्या खड्ड्यातही. एकदा उभ्या उभ्याच.

सेफ्टीने अख्खी गाडी उघडली. लूज कनेक्शन, दुसरं काय असणार. त्याने जोड परत डाखले, ब्रेकचे स्विच बदलले, किल्लीची नळी बदलली, मूठसुद्धा नवी आणली. सीटखालच्या स्विचलाही तो हाताने दाबून बघायचा. खट्ट. व्यवस्थित. संध्याकाळी ती आली की तो दारातच विचारायचा, "आज?"

"आज दोनदा."

"कुठे?"

"शाळेपाशी. आणि ते वळण."

"ब्रेकवर हात होता का तुझा?"

"नव्हता हो."

"ओल गेली असेल," तो स्वतःशीच म्हणायचा. जेवताना त्याचं लक्ष वायरींत असायचं. समोरच्या ताटात ती काय टाकून उठते, ते त्याला दिसत नव्हतं. ती ब्लाउज आत घेऊन शिवते, बांगड्या काढून डब्यात ठेवते, हेही नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टमधली केसाएवढी फट शोधली, त्याला शेजारी बसलेलं माणूस दिसलं नाही. तिला ते बरंच वाटत होतं.

आणि एके दिवशी बिघाड थांबला.

"आज?"

"एकदाही नाही."

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर नाही. सेफ्टीने वेल्डरच्या शेडमध्ये जाऊन सांगितलं, "सापडला. मुठीचा कनेक्टर होता. मी म्हणत होतोच."

"तू तर ब्रेक म्हणत होतास."

"आधी ब्रेक. मग कनेक्टर."

"भरवशाच्या म्हशीला टोणगा," वेल्डर म्हणाला. "बघ हं, परत अडेल."

एवढाच बदल होता की ती आता जाता-येताना मांडीवर एक कापडी पिशवी ठेवायची. "डबा मोठा दिसतोय," तो एकदा म्हणाला.

"दुपारी भूक लागते," ती म्हणाली.

त्याला आनंदच झाला.

गाडी शेवटी अडली ती बाजाराच्या चौकात, दिवे लागायच्या वेळी. मधोमध. चारी बाजूंनी हॉर्न. एक ट्रक तिच्या मागे हातभर अंतरावर थांबला; त्या ड्रायव्हरला तो लाल दिवा दिसला, म्हणून. वेल्डर तिथून चालला होता. त्याने गाडी ढकलत कडेला घेतली आणि सेफ्टीला फोन लावला.

सेफ्टी धावत आला, टेस्ट लॅम्प हातात. बायकोला काही लागलं नाही हे त्याने एका नजरेत बघितलं आणि सरळ खाली वाकला. किल्ली, ठीक. लाल बटण, ठीक. ब्रेक, ठीक. सीट. दिवा लागला नाही.

"ऊठ जरा."

वेल्डरने तिला हात देऊन उठवलं. सेफ्टीने अंगाचा भार देऊन तळहाताने सीट दाबली. खट्ट. सोडली, परत दाबली. खट्ट.

"स्विच तर चांगला आहे."

"चांगलाच आहे," ती म्हणाली.

"मग?"

"बघा." ती सीटवर बसली. सावकाश, नीट, सगळं अंग टेकून, पाय उचलून.

रिले वाजला नाही.

चौकातली गर्दी आपापल्या वाटेला लागली होती. इंडिकेटर टिकटिक करत होता. सेफ्टी गुडघ्यावर बसून सीटखाली बघत राहिला, जणू तिथून काहीतरी बाहेर येणार होतं. मग त्याने मान वर केली, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. गळ्याशी हाडं होती. पदराच्या आत काही नव्हतं.

"पिशवी कुठाय?" त्याने विचारलं. त्याला कळलं होतं, पण माणूस विचारतोच.

"दुकानात. आज उचलली नाही मला." ती हँडलकडे बघत बोलत होती. "आधी दोन किलोचं वजन पुरत होतं. मग पाचाचं. मग दोन्ही. येताना हँडल धरून स्वतःलाच खाली ओढत आले. चौकात हात भरून आले."

"वहिनी," वेल्डर म्हणाला.

"डॉक्टरकडे जाऊ. उद्या सकाळी," सेफ्टी म्हणाला.

"जाऊन आले मी."

"कधी? कुणाबरोबर?"

"एकटी. तुमच्याच गाडीने. पोटात गाठ आहे. ते म्हणाले, पसरलीय. कापून उपयोग नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गाडी बंद केली असती."

त्याने ती खरंच केली असती.

दुसऱ्या दिवशी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला, डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त लांबून फिरवून. तिसऱ्या दिवशी सकाळी ती साडी नेसून, काठी घेऊन बोळात आली. सेफ्टी गाडीपाशी बसला होता, हातात पाना. त्याने नट सैल केला. "बस." नाही वाजला. आणखी सैल केला. "बस." खट्ट.

"निघते," ती म्हणाली.

मग हे दर थोड्या दिवसांनी व्हायला लागलं. सकाळी गाडी गप्प, तो पाना घेऊन येणार, नट थोडा मागे. ती किती उरली, हे त्याला स्प्रिंगच्या दांड्यावरच्या नटावरून कळायचं. शेवटी नट दांड्याच्या टोकाला आला आणि त्याच्या पुढे आटेच नव्हते. स्प्रिंग अगदी ढिली पडलेली, तरी दगड लागला की सीट उचलली जायची आणि मोटर सुटायची.

"आता?" ती म्हणाली.

तो आत गेला. जुन्या पेटीतून त्याने लाल वायर आणली, हातभर कापली.

"अहो. जंपर?"

"हो."

"तुम्ही?"

सीटच्या स्विचला बगल देऊन त्याने एक सॉकेट बसवलं, वायरीच्या टोकाला दोन पिनांचा प्लग. प्लग आत असेपर्यंत साखळी जुळलेली. वायर ओढली, प्लग निघाला, गाडी बंद. वायरीचं दुसरं टोक त्याने आपल्या मुठीत धरलं. "जंपर लावलाय. आता मी हलणार नाही. बरोबर येणार."

"मला एकटीला जायचंय."

"एकटीच जा. मी बोलणार नाही."

आणि तो खरंच बोलला नाही. ती हळू चालवायची, तो बाजूने चालायचा, मुठीत लाल वायर. रस्त्यावरचे बघायचे. पानवाला म्हणाला, "काका, गाडी फिरवताय की काकूंना?" सेफ्टी समोर बघत राहिला.

बाजाराच्या आधी एक सरळ, सपाट रस्ता लागतो. चार दिवसांनी त्या रस्त्यावर तिने मूठ जरा जास्त पिळली. तो भरभर चालायला लागला. तिने आणखी पिळली. तो धावायला लागला. लिफ्टच्या खोलीत जन्म गेलेला माणूस, चपला फटफटत, तोंड उघडं. वायर ताणली गेली. एक झटका दिला असता तर गाडी उभी राहिली असती. त्याने हात पुढे लांबवला, आणखी लांबवला, पण ओढली नाही.

तिने आरशात पाहिलं आणि थांबवली.

तो गाडीला धरून धापा टाकत होता. तिने विचारलं, "ओढली का नाही?"

"बंद पडली असती."

"मग? त्यासाठीच धरलीय ना?"

त्याला दम लागला होता. तिने त्याची मूठ उघडली, वायरीचं टोक काढून घेतलं. "कोकराला धरतात तसं धरलंय मला. मीच धरते की."

"धरून काय उपयोग? पडलीस तर हातातून सुटेल."

"मग बांधा."

त्याने तिचं मनगट हातात घेतलं. पडली तर हात जाणार, हाताबरोबर वायर, वायरीबरोबर प्लग. वजन लागतच नाही. त्याने दोनदा मनात साखळी फिरवून बघितली. कुठे चूक सापडेना. त्याने वायरीला फास केला, मऊ पट्टी गुंडाळली, निघणार नाही आणि काचणारही नाही अशी गाठ मारली.

"पण नियम आहे," तो म्हणाला. "ज्याने लावला त्याने जागा सोडायची नाही."

"मग सोडू नका. घरी जाऊन पायरीवर बसा. मी येईपर्यंत."

ती थट्टेत म्हणाली. तो बसला.

रोज ती निघाली की तो बोळाच्या पायरीवर बसायचा आणि ती परत येईपर्यंत उठायचा नाही. दुकानात ती आता तासभरच बसायची. तोलायला बाई ठेवली होती, ही नुसती भाव सांगायची. पायरीवर ऊन आलं तरी तो बसलेला. वेल्डर येता-जाता म्हणायचा, "अरे, निदान आत पंख्याखाली तरी बस."

"जंपर लावलाय."

"तुझा जंपर तिकडे बाजारात भाव करतोय."

"असू दे."

वेल्डर मग दोन मिनिटं शेजारी टेकायचा.

त्या दिवशी वेल्डर आला तो टेकला नाही. समोर उभा राहिला. हात काळे, पुसलेले नव्हते. सेफ्टीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुठे?"

"दुकानाच्या अलीकडे. रिक्षात घालून दवाखान्यात नेलंय लोकांनी. चल."

दवाखान्यात त्यांनी तिला एका चादरीखाली ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच संपलं होतं, रस्त्यातच, बसल्या जागी. त्रास झाला नसावा. सेफ्टीने मान हलवली. परगावी दिलेली त्यांची मुलगी तिथून निघाली होती. ती पोचेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. बाकावर बसून बसून वेल्डर शेवटी म्हणाला, "गाडी तिथेच आहे. घेऊन येऊ?"

गाडी दुकानाच्या अलीकडे कडेला उभी होती. काही आपटलेलं नव्हतं. काच शाबूत, चाक सरळ. लाल वायर खाली लोंबत होती, टोकाला प्लग, दुसऱ्या टोकाला फास. कुणीतरी तिच्या हातातून तो न कापता काढला होता. डावा इंडिकेटर अजून लुकलुकत होता. तिथून डावीकडे वळलं की दुकान.

समोरचा चांभार उठून आला. "मला वाटलं, बाई विसाव्याला थांबल्या. गाडी अशी आपोआप हळू झाली, हळू झाली, थांबली. बिघडली होती का?"

"नाही," सेफ्टी म्हणाला.

"मग थांबली कशी?"

"थांबायला पाहिजे तशी."

त्याने प्लग उचलला, पुसला, सॉकेटमध्ये घातला. खट्ट. साखळी जुळली.

"चालू आहे," वेल्डर म्हणाला. "बस आणि घे हळूहळू. मी मागून येतो."

सेफ्टी सीटवर बसला. त्या गाडीवर तो कधी बसला नव्हता. पाय कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. मूठ धरण्याआधी त्याने सवयीने लाल वायर घेतली आणि फास हातावर चढवायला गेला. बोटं आत गेली, अंगठ्याच्या सांध्याशी अडलं. त्याने बोटं जुळवून परत घातली. जाईना.

"सैल कर ना गाठ," वेल्डर म्हणाला. "आण इकडे, मी करतो."

सेफ्टीने हात मागे घेतला. तो उतरला. प्लग काढला, वायर नीट गुंडाळून खिशात ठेवली, आणि हँडल धरून गाडी ढकलायला लागला. वेल्डरने मागून हात लावला. "निदान दिवे तरी बंद कर, बॅटरी उतरेल."

"राहू देत," सेफ्टी म्हणाला. "मागच्याला दिसायला पाहिजे."

भर दुपारची वेळ होती.